गोंधळ तसाच छापा

जॉन डिफूल हा अगदी खालच्या दर्जाचा परवाना असलेला खासगी गुप्तहेर. त्याने पाळलेला सीगल एक दिव्य वस्तू गिळतो आणि लगेच जमलेल्या गर्दीला प्रवचन देऊ लागतो. पूर्वी कधीतरी डिफूलने गोळी घालून ज्याच्या कानाला भोक पाडलं, तो लांडग्याच्या डोक्याचा भाडोत्री सैनिक पुढे त्याच्याच सोबत विश्व वाचवायला निघतो, पण कानाचा राग काही सोडत नाही. परग्रहावरच्या राणीशी डिफूलचा संबंध येतो आणि तिथली पुढची अख्खी पिढी त्याच्याच चेहऱ्याची जन्माला येते. लेखक आलेहांद्रो जोदोरोवस्की आणि चित्रकार मोबियस या जोडीच्या ‘द इन्काल’ या सहा खंडांच्या विज्ञान-कॉमिक मालिकेतला हा ऐवज. वाचताना हसू येतं आणि ते यायलाच हवं. पण हसून झाल्यावर वाचक आणि समीक्षक जी तक्रार करतात ती आम्हाला मान्य नाही. ‘कल्पना भन्नाट आहेत, पण कुणीतरी हे नीट लावायला हवं होतं,’ ही ती तक्रार. अशा मालिका नीट लावायला गेलं की त्या मरतात. हे प्रत्यक्षात घडलेलं आहे आणि ते कसं घडलं हे दाखवता येतं.

यातली मूळ कथा पॅरिसची आहे. डिसेंबर १९७४ मध्ये ज्याँ जिरो (म्हणजेच मोबियस), फिलिप द्रुइये, ज्याँ-पिएर दिओने आणि पैशांचं बघणारे बेर्नार फारकास यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि जानेवारी १९७५ मध्ये ‘मेताल युर्लाँ’ हे नियतकालिक सुरू केलं. ते आधी त्रैमासिक होतं, पुढे मासिक झालं. जिरो तोवर काही नवखा राहिला नव्हता. १९६३ पासून तो ज्याँ-मिशेल शार्लिए यांच्या काटेकोर पटकथेवर ‘ब्लूबेरी’ ही वेस्टर्न मालिका काढत होता. त्यात घोड्याच्या खोगिरापासून किल्ल्याच्या दारापर्यंत सगळं जिथल्या तिथे असे. म्हणजे व्यवस्थित गोष्ट सांगणं त्याला येत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही. मार्च १९७६ च्या अंकात त्याने ‘एअरटाइट गराज’ या नव्या कॉमिकची पहिली दोन पानं दिली तेव्हा पुढचा आराखडा त्याच्याकडे नव्हता, आणि तो करायचाही नव्हता. दिओनेने पुढचा भाग मागितला, मग दर वेळी दोन-चार पानं येत राहिली. हे १९७९ पर्यंत चाललं आणि जमलेली पानं शंभराच्या आसपास झाली.

या शंभर पानांत काय आहे? फ्लर नावाचा लघुग्रह, त्याच्या पोटात एकावर एक तीन जगं, वर घिरट्या घालणाऱ्या यानातून लक्ष ठेवणारा शिकारी टोपीतला मेजर ग्रुबेर, यंत्र बिघडवून बसलेला आणि मालकाच्या धास्तीने पळालेला अभियंता बार्निये, आणि तो मालक जेरी कॉर्नेलियस. हे पात्र तर मोबियसचं नव्हेच. ते इंग्रज लेखक मायकल मूरकॉकचं. मूरकॉकने इतर लेखकांनाही ते वापरू दिलं होतं, म्हणून मोबियसनेही उचललं. भाग बदलला की रेषाही बदलते. एकात बारीक रेघांचं दाट जाळं, तर पुढच्यात स्वच्छ मोकळी बाह्यरेषा. काही भागांच्या डोक्यावर ‘मागील भागात’ म्हणून जो मजकूर येतो त्यातल्या गोष्टी मागील भागात घडलेल्याच नसतात. शेवटी मेजर एका दारातून निसटतो आणि थेट पॅरिसच्या मेट्रोत बाहेर पडतो.

नियतकालिकात हे वाचणाऱ्याची स्थिती कशी होती, याचा विचार करावा. तीन पानं मिळाली. पुढची महिन्याने. मधल्या काळात मागची पानं अर्धवट विसरली. मग ‘मागील भागात’ वाचून त्याला वाटे, हे आपल्याकडून निसटलं की काय? लेखकानेही मागचं धरून ठेवलेलं नाही आणि वाचकानेही नाही, अशी दोघांची बरोबरी या कॉमिकमध्ये आहे. ती टिकवण्यासाठी दोन भागांमध्ये काळ जावा लागतो. शंभर पानं एका संध्याकाळी सलग वाचली की नेमकी तीच बरोबरी मोडते. वाचकाला मागचं पान लख्ख आठवत असतं, म्हणून प्रत्येक विसंगती त्याला चूक वाटते आणि तिसाव्या पानापर्यंत तो वैतागतो. दोष पानांचा नसतो, वाचण्याच्या वेगाचा असतो.

म्हणून ‘गराज’ वाचायची आमची पद्धत सरळ आहे. एका बैठकीला एकच भाग घ्यावा, फार तर दोन, आणि पुढचा किमान एका दिवसाने. ‘मागील भागात’ वाचावं, पण खरं-खोटं पडताळायला मागे जाऊ नये. पात्रांची यादी करू नये, ती जुळत नाही आणि यादी करणारा माणूस चित्र बघायचं सोडून देतो. त्याऐवजी प्रत्येक पानावर आधी मजकूर न वाचता चित्रांतली जागा बघावी. आपण तीनपैकी कोणत्या जगात आहोत, वाळवंटात की गल्लीत की यंत्राच्या पोटात, हे मोबियस दर पानावर चोख सांगतो. गोष्ट विसरभोळी असली तरी जागा पक्की असते. सुरुवात कुणाला जड गेली तर आधी ‘आर्झाक’ बघावं. त्याच चित्रकाराच्या त्याच काळातल्या या लघुकथांत एकही संवाद नाही आणि नायकाच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा दर कथेला बदलतं. ते स्वीकारता आलं की पुढचं सोपं.

‘इन्काल’चा गोंधळ वेगळ्या जातीचा आहे आणि त्याला हीच पद्धत लावली तर फसगत होते. तो डिसेंबर १९८० पासून १९८८ पर्यंत चालला. जोदोरोवस्की आधी लिहून देत नसे. तो प्रसंग तोंडी सांगे, अभिनय करून दाखवी आणि मोबियस समोर बसून रेखाटनं करी. त्याआधी सत्तरच्या दशकाच्या मध्यात दोघांनी एका प्रचंड विज्ञानपटाची तयारी केली होती, मोबियसने त्यासाठी चित्रांची चळत काढली होती आणि तो चित्रपट झालाच नाही. त्यातलं बरंच उरलंसुरलं या कॉमिकमध्ये ओतलं गेलं. त्यामुळे इथे कमतरता नाही, अतोनात भर आहे. दर काही पानांनी नवा गट येतो: शरीर बदलून सत्तेवर राहणारा अध्यक्ष, यंत्रपूजक टेक्नो, बंडखोर आमोक, परग्रहावरचे बर्ग, स्त्री आणि पुरुष एकाच देहात असलेली सम्राज्ञी. कोण कुणाच्या बाजूचं हे लक्षात ठेवायला गेलेला वाचक दुसऱ्या खंडातच हात टेकतो.

त्याने लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे उंची. पहिल्याच पानावर डिफूलला आत्महत्या गल्लीतून खाली फेकलं जातं, विहिरीसारख्या शहराच्या तळाशी असलेल्या आम्लाच्या तळ्याकडे. तिसऱ्या खंडाचं नाव ‘जे खाली आहे ते’, चौथ्याचं ‘जे वर आहे ते’. कथा आधी शहराच्या थरांतून उतरते, तळं, कचरा आणि उंदरांमधून ग्रहाच्या पोटात जाते, मग उलट फिरून आकाशात, दीर्घिकेत. आणि शेवटच्या खंडाच्या शेवटी डिफूल पुन्हा तसाच पडत असतो. (चाळीस वर्षांहून जुन्या कॉमिकचा शेवट सांगितला म्हणून कुणी रागावू नये. हा शेवट माहीत असताना पहिलं पान अधिक चांगलं वाचता येतं.) प्रत्येक प्रसंगात पात्रं वर चालली आहेत की खाली, एवढं विचारत गेलं तर सहाही खंड हातातून सुटत नाहीत. एका बैठकीला एक पूर्ण खंड वाचावा. इथे दिवसाला तीन पानं ही पद्धत चालत नाही, कारण इथला वेग हाच आधार आहे. थांबलं की प्रश्न पडू लागतात आणि त्यांची उत्तरं तिथे नसतात.

सगळंच उत्तम आहे असा आमचा दावा नाही. ‘इन्काल’चे शेवटचे दोन खंड आधीच्या चारांइतके चांगले नाहीत, आणि त्याचं कारण गोंधळ नव्हे, खुलासा आहे. पात्रं थांबून एकमेकांना विश्वाचा अर्थ सांगू लागतात, संवादांचे फुगे लांबतात, चित्रं मागे सरतात. म्हणजे जिथे लेखकाने स्वतःच पसारा आवरायला घेतला तिथेच कॉमिक मंदावलं. ‘नीट लावायला हवं होतं’ म्हणणाऱ्यांनी हे दोन खंड पहिल्या खंडाशेजारी ठेवून बघावेत.

आता प्रकाशकांनी काय काय आवरलं, ते. ‘इन्काल’च्या पहिल्या खंडाचे रंग इव्ह शालाँ या चित्रकाराचे. त्या काळची फ्रेंच पद्धत अशी होती: मूळ काळी रेषा फिकट निळ्यात कागदावर छापून घ्यायची, त्यावर ब्रशने रंग भरायचे आणि काळी रेषा वेगळ्या पारदर्शक फिल्मवरून छपाईत वर बसवायची. रंग सपाट आणि भडक असत, आणि रेषा त्यांच्यात हरवत नसे. गर्दीच्या चौकटीत गुलाबी आकाश आणि पिवळा माणूस असला की डोळा आपोआप माणसाकडे जाई. २००० नंतरच्या दशकात ही मालिका संगणकावर नव्याने रंगवून काढली गेली. चेहऱ्यांवर छटा आल्या, धातूला चकाकी आली, सगळं एकाच तपकिरी-निळ्या हवेत गेलं, आणि जिथे नग्नता होती तिथे कपडे चढले. हेतू आजच्या वाचकाला सोपं जावं हा होता. परिणाम उलटा झाला. सपाट रंग गोंधळातून वाट दाखवत होते, ते गेल्यावर तीच चौकट दुप्पट गिचमिड दिसू लागली. वाचकांनी नाराजी दाखवली आणि पुढच्या आवृत्त्यांत मूळ रंग परत आणले गेले. जुनी प्रत विकत घेताना एवढं तपासावं: डिफूलच्या नाकावर मऊ छटा आणि चमक दिसली तर ती नव्याने रंगवलेली आवृत्ती समजावी आणि ठेवून द्यावी.

‘गराज’चं झालं ते आणखी मोठं. ते कृष्णधवल होतं. १९८७ मध्ये अमेरिकेत मार्व्हलच्या एपिक शाखेने ते रंगीत काढलं आणि जेरी कॉर्नेलियसचं नाव लुईस कार्नेलियन झालं. रंग वाईट नाहीत. पण मूळ पानांत भागागणिक रेषेचा पोत बदलतो, हीच वाचकाला मिळणारी ‘नवा भाग सुरू झाला’ अशी खूण असते. सगळीकडे एकसारखा रंग चढला की ती खूण पुसट होते आणि तुकड्यांची माळ एकसंध गोष्ट असल्यासारखी दिसू लागते. मग वाचक तिच्याकडून एकसंध गोष्टीची अपेक्षा करणारच.

तिसरं आवरणं म्हणजे क्रम. ‘इन्काल’ संपताच १९८८ पासून डिफूलच्या तरुणपणाची सहा खंडांची मालिका आली, झोरान यान्येतोवने काढलेली. पुढे नंतरची कथाही सुरू झाली. तिचा मोबियसने एकच खंड काढला, मग ती नव्याने मांडून लाद्रोन या चित्रकाराकडे गेली. आता ‘कालक्रमाने वाचा’ असा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणजे तरुणपणाची मालिका आधी. हा सल्ला चुकीचा आहे. त्या मालिकेत गल्ली, शहर, सीगल, प्रेयसी सगळ्यांची ओळख करून दिलेली आहे. ती वाचून ‘इन्काल’च्या पहिल्या पानावर आलेला वाचक पडणाऱ्या माणसाला ओळखत असतो, आणि त्या पानाची सगळी ताकद तो कोण हे माहीत नसण्यात आहे. छापले गेले त्या क्रमानेच वाचावे. नीटस रचनेची भूक असेल तर त्याच विश्वातली, हुआन हिमेनेस याने काढलेली मेटाबॅरन या योद्ध्यांच्या घराण्याची आठ खंडांची मालिका आहे. तिच्यात पिढ्या ओळीने येतात.

याला एक रास्त आक्षेप आहे. मुदत गाठण्यासाठी चित्रकाराने काहीतरी खरडलं, आणि आम्ही त्याला कला म्हणून पूजतो आहोत, असं कुणी म्हणेल. अशी खरड पुष्कळ असते, विशेषतः साप्ताहिक कॉमिक्समध्ये. फरक ओळखायला पानावरच्या कष्टाकडे बघावं. आळसातून आलेल्या गोंधळात पार्श्वभूमी गायब होते, चेहरे एकाच कोनातून येतात, चौकटी मोठ्या होत जातात. ‘गराज’मध्ये उलट आहे. पुढे काय होणार हे माहीत नसलेला माणूस दर चौकटीतली भिंत, नळी आणि दगड असा काढतो की तिथे जाऊन राहता यावं. गोष्टीची हमी नसताना जागेची एवढी हमी देणं हे खरडणाऱ्याचं काम नव्हे.

मराठी वाचकाला हे स्वीकारणं थोडं जड जातं आणि त्याचं कारण आपल्या परंपरेत आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ कथेला पारितोषिक मिळालं. ते जगताप म्हणजे जयंत नारळीकर. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या कथांनी आपल्याला शिकवलं की विज्ञानकथेत आधी वैज्ञानिक कल्पना असते, ती समजावली जाते आणि शेवट तिच्यातून निघतो. ही शिस्त मोलाची आहे, तिने मराठीत विज्ञानाचा वाचक घडवला. पण पॅरिसच्या त्या गटाला विज्ञान समजावायचंच नव्हतं, त्यांना अनोळखी जागा दाखवायच्या होत्या. एकाची पट्टी दुसऱ्याला लावली तर दोघांवरही अन्याय होतो. कॉमिक आवरून छापण्याचा अनुभवही आपल्याकडे जुना आहे. १९६४ मध्ये टाइम्स समूहाने सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ (फँटम) मराठीतही आणला, तेव्हा वर्तमानपत्री पट्ट्या कापून, चौकटी फिरवून पुस्तकाच्या पानात बसवल्या जात. तिथे ते बऱ्याचदा खपून गेलं, कारण रोजच्या पट्टीत आदल्या दिवसाची उजळणी असायची आणि ती कापल्याने कथेचं फारसं बिघडत नसे. ‘गराज’मधली उजळणी मात्र उजळणी नसते, ती कापली तर कथेचाच भाग जातो.

ग्रंथालयांनी या पुस्तकांसाठी दोन गोष्टी कराव्यात. चित्रं दिसली की पुस्तक बालविभागात टाकण्याची सवय सोडावी, कारण ‘इन्काल’ प्रौढांसाठी आहे, त्यात हिंसा आणि नग्नता आहे. आणि सहापैकी सुटा दुसरा खंड घेऊ नये. घ्यायचे तर सगळे, किंवा एकत्रित आवृत्ती. एकत्रित आवृत्ती सुमारे तीनशे पानांची होते, तेव्हा शिवलेली बांधणीच बघावी. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पानं पूर्ण उघडत नाहीत, आतल्या बाजूच्या चौकटी खाचेत जातात आणि जोर लावला की कणा तुटतो. फोनवर वाचणाऱ्यांनी आकाराचं गणित करावं. फ्रेंच अल्बमचं पान साधारण २४ बाय ३२ सेंटिमीटर असतं आणि फोनची रुंदी सातच्या आसपास. पान तीस टक्क्यांवर येतं आणि तीन मिलिमीटरचं अक्षर एक मिलिमीटरही उरत नाही. म्हणून ॲप एकेक चौकट मोठी करून दाखवतं. वाचता येतं, पण वर-खाली ही ‘इन्काल’ची दिशा पूर्ण पानाच्या मांडणीतच दिसते, ती जाते. दहा-बारा इंचांचा टॅबलेट उभा धरला तर बऱ्यापैकी चालतं.

मराठीत हे आणण्याचा विचार कुणा प्रकाशकाने केला तर अडचण पहिल्याच फुग्यात येईल. फ्रेंच फुगे हाताने लिहिलेल्या मोठ्या रोमन अक्षरांच्या मापाचे आहेत. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार लागतात, त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर ठेवावं लागतं. चार ओळींच्या जागेत तीनच बसतात. त्यातच मराठी शब्द प्रत्ययांनी लांब आणि मध्ये तोडता न येणारे. फुगा वाढवला तर चित्र झाकलं जातं, अक्षर बारीक केलं तर मात्रा छपाईत भरून जातात. खर्च वाचवायला पान अमेरिकन आकाराचं म्हणजे १७ बाय २६ केलं तर सगळं आणखी एकाहत्तर टक्क्यांवर येईल, आणि तिथे देवनागरी वाचणं शिक्षा होईल. मूळ आकार ठेवावा आणि वाक्यं छोटी करावीत, मराठीत ते जमतं. सुरुवात ‘गराज’पासून करावी. ते कृष्णधवल आहे, शंभर पानांचं आहे, एका शाईत निघतं आणि बरेच भाग बोलण्यापेक्षा बघण्याचे आहेत. शक्य असल्यास ते एखाद्या मासिकात दर महिन्याला तीन पानं असंच यावं. आणि ‘मागील भागात’च्या ओळी मागील भागाशी जुळत नाहीत म्हणून अनुवादकाने किंवा मुद्रितशोधकाने त्या दुरुस्त करू नयेत, हे करारातच लिहून घ्यावं.